भिंतीआडची माणसं

मोझरीच्या, म्हणजे गुरुकुंज मोझरीच्या, आमच्या जुन्या घरात एक बळद आहे. होस्टेलवरच्या मुंबई-पुण्याच्या मित्रांसाठी सांगतो, बळद म्हणजे दोन भिंतींच्या मधली धान्य साठवायची पोकळी. माळ्यावरून ज्वारी ओतायची आणि खालच्या छोट्या तोंडातून काढायची. लहानपणी लपंडाव खेळताना मी एकदा त्यात उतरलो आणि पाच मिनिटांत घामाघूम होऊन बोंबलत वर आलो. तेव्हा आजीने सांगितलं, की १९४२ साली तिच्या सासऱ्यांनी चळवळीतल्या एका माणसाला याच बळदात दोन रात्री ठेवलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी पेटलं होतं, तुकडोजी महाराजांना चंद्रपूरला अटक झाली होती. माणूस कोण, असं विचारलं की आजी म्हणायची, "मामाजीनं सांगतलं व्हतं, नाव घ्याचं नाई."

सेकंड इयरला बिल्डिंग ड्रॉइंग शिकताना हे बळद पुन्हा आठवलं. घराचं बाहेरचं माप आणि आतल्या खोल्यांची बेरीज यात भिंतींच्या जाडीपेक्षा जास्त फरक आला, की आपलं शीट परत येतं. पण समजा शीट बरोबर असेल तर? मग त्या फरकात माणूस बसलेला असू शकतो!

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटी सरकारी शोधपथकं नेमकी हीच मापं घेत. भिंती ठोकून बघत, खिडक्या आतून-बाहेरून मोजत, लाकडी तक्तपोशी उचकटत. कारण १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूचं देशात राहणं हाच राजद्रोह ठरला होता आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. तरी सधन कॅथलिक घरांतून त्यांना लपवत. या जागा बांधणारा सगळ्यात नावाजलेला कारागीर म्हणजे निकोलस ओवेन, ऑक्सफर्डच्या एका सुताराचा मुलगा. अंगाने अगदी बुटका. दिवसा नोकरांना दिसेल असं किरकोळ सुतारकाम करायचा, रात्री एकटाच दगडी भिंत पोखरायचा. एक जागा दुसरीसारखी नाही, म्हणजे एक सापडली तरी बाकीच्यांचा सुगावा लागू नये. हार्विंग्टन हॉल या घरात त्याची मानली जाणारी एक जागा आजही बघता येते. भिंतीतला उभा लाकडी खांब आसावर फिरतो आणि मागे पोकळी उघडते. काही घरांत तर लपणीच्या मागे दुसरी लपण. पहिली रिकामी दिसली की शिपाई माघारी!

पण लपणं वेगळं आणि आत राहणं वेगळं. हे मला बळदातल्या पाच मिनिटांत कळलं होतं. जानेवारी १६०६ मध्ये हिंडलिप हाऊसला वेढा पडला, तेव्हा ओवेन स्वतःच एका लपणीत अडकला. त्याच्याजवळ आणि सोबत्याजवळ मिळून एक सफरचंद होतं. चार दिवसांनी दोघं भुकेने बाहेर आले. दुसऱ्या लपणीत गार्नेट आणि ओल्डकॉर्न हे दोन धर्मगुरू होते. त्यांना शेजारच्या खोलीतून भिंतीत घातलेल्या नळीने पातळ अन्न मिळत होतं, म्हणजे खाण्याची सोय होती. संडासाची नव्हती. आठवड्याभराने तेही बाहेर पडले. ओवेनला लंडनच्या टॉवरमध्ये नेऊन इतकं छळलं, की तो तिथेच मेला. अठराएक वर्षांची सगळी डिझाईन्स त्याच्या डोक्यात होती. एकही जागा त्याने सांगितली नाही.

याच इंग्लंडातून बाहेर पडलेला एक कॅथलिक तरुण १५७९ साली गोव्यात उतरला. त्याला आपण ओळखतो: 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. गोव्यात मात्र चित्र उलटं. तिथे सत्ताच कॅथलिक पोर्तुगीजांची, आणि कुशस्थळीच्या मंगेशाला भक्तांनी १५६० च्या सुमारास जुवारीपलीकडे प्रियोळला नेऊन वाचवलं होतं. इंग्लंडात जे लपत होते, त्यांचेच धर्मबंधू इथे देवळं पाडत होते, हेही लिहायलाच हवं.

आणि याच गोव्यातला एक धर्मगुरू पुढे स्वतः लपला. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ, कोकणी घरातले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून डचांनी पोर्तुगीजांना हाकललं होतं, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात जाफन्याकडे उतरले. पाठीशी ना ओवेन, ना जाड भिंती. कोण आपलं हेही माहीत नाही. मग त्यांनी गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागायला सुरुवात केली. माळेकडे बघून कोणाचा चेहरा बदलतो, एवढंच पाहायचं. अशी एकेक घरं सापडली, सिल्लालै नावाच्या गावाने आसरा दिला. प्रार्थना रात्री, प्रवासही रात्री. पुढे एका नाताळच्या रात्री डच शिपायांनी छापा घालून कित्येकांना पकडलं, पण वाझ हाती लागले नाहीत. नंतर ते बौद्ध राजाच्या कँडी राज्यात गेले. तिथे आधी हेर समजून कैद झाली, मग मोकळीक मिळाली आणि १७११ मध्ये तिथेच ते वारले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

गेल्या दिवाळीत टेप घेऊन मी आमचं बळद मोजलं. आतली रुंदी पावणेदोन फूट. खालचं तोंड वीतभर, भाकर दुमडली तर आत सरकवता येते. आजी आता नाही. त्या माणसाचं नाव घरात कोणालाच ठाऊक नाही.