संगणक सुरू होत नाही तेव्हा

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडते. संगणकावरील कापड दूर होते, शिक्षक बटण दाबतात आणि यंत्र निश्चल राहते. दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही, पडद्यावर अक्षर उमटत नाही. पुन्हा एकदोनदा बटण दाबून पाहिले जाते, ‘संगणक बिघडला’ असा निर्णय होतो आणि कापड पुन्हा चढते. पंचायत समितीकडे पत्र जाते, कारागीर येईपर्यंत दिवस लोटतात, आणि कधी कधी तर ज्या यंत्रात मुळी बिघाडच नाही त्याचे नाव निर्लेखनाच्या यादीत जाऊन पडते. मधल्या काळात चौथीची मुले पुढच्या शाळेत निघून जातात. त्यांचा संगणकाशी व्हावयाचा परिचय राहून जातो तो राहूनच जातो.

हे पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखे आहे. सुरू न होणाऱ्या संगणकाचा दोष अनेकदा यंत्राच्या पोटात नसून भिंतीपासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर असतो. तो शोधण्यास तंत्रज्ञाची विद्या लागत नाही, क्रम लागतो. शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचले नाही म्हणून शेतकरी वाफा खणत बसत नाही. तो पाटाच्या तोंडापासून चालत येतो आणि पाणी कोठपर्यंत आले ते पाहतो. संगणकाच्या बाबतीतही हीच रीत धरावी.

विजेची वाट

भिंतीवरील बोर्डात २३० व्होल्टची वीज असते. ती यू.पी.एस.मधून वायरने संगणकाच्या पेटीत शिरते. या पेटीला व्यवहारात ‘सी.पी.यू.’ म्हणतात. पेटीच्या मागील बाजूस, जेथे वायर खोचली जाते, तेथे आत एक धातूचा डबा असतो. त्यास एस.एम.पी.एस. म्हणतात. हा डबा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो आणि ती मदरबोर्ड नावाच्या मुख्य पट्टीस व इतर भागांस पुरवितो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटीच्या पुढील बटण हे घरातील दिव्याच्या बटणासारखे वीज जोडणारे वा तोडणारे बटण नव्हे. १९९५ साली इंटेल कंपनीने पुढे आणलेल्या ए.टी.एक्स. रचनेपासून हे बटण मदरबोर्डला केवळ इशारा देते आणि मदरबोर्ड त्या डब्यास ‘काम सुरू कर’ असे सांगतो. हा इशारा चालावा म्हणून संगणक बंद असतानाही ५ व्होल्टची थोडी वीज आत सतत चालू असते. यावरून दोन गोष्टी निघतात. बटण दाबून काही झाले नाही, तर दोष बटणातच असेल असे नाही. आणि संगणक बंद दिसला, तरी आत वीज नाही असे कधीही समजू नये.

प्रथम अवस्था ओळखावी

‘सुरू होत नाही’ या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या अवस्था येतात. पहिलीत दिवा, पंखा, आवाज यांपैकी काहीच नसते. दुसरीत पेटीतील पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडदा काळाच राहतो. तिसरीत संगणक सुरू होऊन थोड्याच वेळात आपोआप बंद पडतो. तीनही अवस्थांची कारणे वेगळी असल्याने अर्धे मिनिट शांतपणे पाहून व ऐकून मगच पुढे जावे.

काहीच हालचाल नसेल तर

१. ज्या सॉकेटमध्ये संगणकाची वायर आहे, त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबलावरील दिवा लावून पाहावा. केवळ टेस्टरवर विसंबू नये. न्यूट्रल तार तुटली असली तरी टेस्टरचा दिवा लागतो, मात्र यंत्र चालत नाही. चार्जरही चालत नसेल तर बोर्डावरील स्विच व एम.सी.बी. पाहावी आणि वायरमनला बोलवावे. संगणकाचा येथे काहीच दोष नाही.

२. यू.पी.एस.ला वाटेतून बाजूला काढावे. आतील बॅटरी निकामी झाली म्हणजे पुष्कळ यू.पी.एस. भिंतीत वीज असूनही चालू होत नाहीत. संगणकाची वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावी. संगणक सुरू झाला तर बॅटरी बदलणे एवढेच काम उरते. ही बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षे टिकते. तथापि दीर्घ सुटीत ती चार्ज न होता पडून राहिली तर त्याहून लवकर संपते.

३. वायरची दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत. पेटीच्या मागे खोचलेले टोक टेबल सरकविताना वा झाडलोट करताना ढिले होते, आणि वरून ते बसलेले दिसते. वायर उंदराने कुरतडली आहे काय, हेही तिची पिन भिंतीतून काढल्यानंतरच पाहावे. कुरतडलेल्या वायरला चिकटपट्टी लावून काम भागवू नये. मॉनिटरची वायर बहुधा पेटीच्या वायरसारखीच असते. मॉनिटरचा दिवा लागत असेल तर त्याची वायर पेटीस लावून पाहावी. एक पैसाही खर्च न होता वायरची परीक्षा होते.

४. पेटीच्या मागे, वायर खोचण्याच्या जागेजवळ, बहुधा एक छोटा खटका असतो. उभी रेघ म्हणजे चालू व वर्तुळ म्हणजे बंद. तो सफाईच्या वेळी नकळत बंद झालेला असतो. काही जुन्या यंत्रांत तेथेच ११५ व २३० असे आकडे असलेली लहान सरकपट्टी असते. ती आपल्याकडे २३० वरच असली पाहिजे. ती ११५ वर सरकविली असता पुरवठ्याचा डबा जळतो. जिज्ञासू बालकाच्या बोटास ती सहज सापडते, म्हणून मुलांना तिची आधीच ओळख करून द्यावी.

५. पेन ड्राइव्ह, प्रिंटर इत्यादी बाहेरील साधने काढून ठेवावीत. मग भिंतीतून वायर काढून पुढील बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, पाचेक मिनिटे थांबावे व वायर पुन्हा लावून बटण दाबावे. विजेचा झटका बसल्यावर किंवा बाहेरील एखाद्या सदोष साधनामुळे पुरवठ्याचा डबा आत्मरक्षणार्थ स्वतःस बंद करून घेतो; वीज पूर्ण तोडल्याखेरीज तो पुन्हा कामास लागत नाही.

एवढे करूनही यंत्र निश्चल राहिले तर दोष एस.एम.पी.एस., मदरबोर्ड अथवा पुढील बटण यांत असण्याचा संभव अधिक. तेथून पुढे तंत्रज्ञाचे काम.

पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल तर

मॉनिटरला स्वतःचे वेगळे बटण व वेगळी वायर असते, हे पुष्कळदा विसरले जाते. त्याचा दिवा लागतो काय ते पाहावे. पेटीपासून मॉनिटरकडे जाणाऱ्या केबलची दोन्ही टोके घट्ट करावीत. निळ्या टोकाच्या केबलला दोन बारीक स्क्रू असतात, तेही आवळावेत.

हे ठीक असून पेटीतून शिटीसारखे ‘बीप’ आवाज येत असतील, तर त्यांची संख्या व लय लिहून ठेवावी. निरनिराळ्या कंपन्यांत त्यांचे अर्थ निरनिराळे असले तरी तंत्रज्ञास त्यावरून दोषाचा माग लागतो. पावसाळ्यात दमट हवेने रॅमच्या पट्टीची टोके मळतात आणि नेमकी हीच अवस्था उद्भवते. हमीची मुदत संपलेली असेल आणि शिक्षकाने हे काम कोणाकडून प्रत्यक्ष पाहून घेतले असेल, तरच वायर भिंतीतून काढून पेटी उघडावी. पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके स्वच्छ खोडरबराने हळुवार घासावीत, कोरड्या कापडाने पुसावीत व दोन्ही बाजूंचे चाप बसेपर्यंत पट्टी सरळ दाबावी.

सुरू होऊन बंद पडत असेल तर

येथे बहुधा धूळ व उष्णता कारणीभूत असते. पेटीच्या जाळीत खडूची धूळ साचून पंखा अडतो आणि आतील भाग तापताच यंत्र स्वतःस बंद करते. संगणक फळ्याजवळ ठेवू नये, आणि चालू असताना त्यावर कापड कधीही घालू नये.

येथे थांबावे

एस.एम.पी.एस.चा डबा कोणत्याही शिक्षकाने उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहिलेली असते. जळका वास आला, धूर दिसला किंवा ठिणगी उडाली तर प्रथम भिंतीवरील स्विच बंद करावा व त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये.

पेटीच्या धातूस हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर संगणक चालत असला तरी तो तत्काळ बंद करावा. बोर्डाचे अर्थिंग तुटल्याची ती खूण असते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो; त्यात वेळोवेळी पाणी घालावे आणि वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. संगणकाची किंमत पुन्हा मिळविता येते. त्याला हात लावणाऱ्या मुलाची किंमत करता येत नाही. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर त्यास स्पर्श न करता आधी मुख्य स्विच बंद करावा.

नोंद व निगा

तपासणीचा प्रत्येक टप्पा एका वहीत तारखेसह लिहावा: काय पाहिले, काय आढळले, काय केले. ‘संगणक बंद आहे’ एवढ्या एका ओळीच्या पत्रापेक्षा ‘सॉकेटमध्ये वीज आहे, यू.पी.एस. वगळून व वायर बदलून पाहिली, दिवा व पंखा दोन्ही बंद’ असे पत्र तंत्रज्ञाची एक खेप वाचविते. त्यास कोणता सुटा भाग बरोबर आणावा हे आधीच कळते. बॅटरी वा वायर यांसारखी किरकोळ खरेदी सादिल खर्चातून होऊ शकेल काय, याचा विचार मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे वेळीच मांडावा.

शाळा सुटताना स्विच बंद करून पिनही भिंतीतून काढावी. वीज कडाडते तेव्हा बंद स्विच यंत्राचे रक्षण करीलच असे नाही. सुटीतही शक्य झाल्यास महिन्यातून एकदा संगणक व यू.पी.एस. काही तास चालू ठेवावेत.

भिंतीवरील चार्जरपासून मॉनिटरच्या केबलपर्यंतची ही तपासणी, पेटी न उघडता, मोठ्या मुलांच्या देखत करावी. त्यांनी हात न लावता पाहावे, आणि ‘वीज कोठपर्यंत आली?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक टप्प्यावर त्यांनाच द्यावयास सांगावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, परिणाम पाहावयाचा आणि मगच पुढे जावयाचे, ही शास्त्राची रीत परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून समजावून देण्यास अनेक तास लागतात. बंद पडलेल्या संगणकासमोर ती अर्ध्या तासात समजते. त्यानंतर यंत्र सुरू झाले तर उत्तमच. न झाले तरी तो तास वाया गेलेला नसतो.