जुन्या मोटारीचें हेड : दुरुस्त करावें कीं बदलावें ?

ज्यांच्या वाड्यापुढें जुनी जीप, अँबॅसडर अथवा फियाट अद्याप उभी आहे आणि कामासही येते, असे कास्तकार आपल्या जालना जिल्ह्यांत विरळा नाहींत. अशा मोटारीस बाजारांत फारसें मोल येत नाहीं. परंतु मोसंबी सडकेपर्यंत आणणें, खताचीं पोतीं नेणें, रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसास तालुक्याच्या गांवीं पोंचविणें, हीं कामें ती निमूटपणें करिते. एके दिवशीं इंजिन तापून बंद पडतें, मिस्त्री 'हेड गेलें' असा निकाल देतो, आणि मालक गोंधळतो. ऐन तोडीच्या दिवसांत घाई असतेच. मग कोणी भंगारांतून दुसरें हेड आणून बसवितो, कोणी आहे तेंच पुन्हां पुन्हां घासून घेतो, आणि थोड्याच महिन्यांत पूर्वीचीच गत होते. आमचें सांगणें थोडक्यांत असें कीं, हेड किती उरलें आहे हें मोजल्यावांचून, आणि तें कशानें बिघडलें हें शोधल्यावांचून, त्यावर एक पैसाही खर्चूं नये.

हेडाचें स्वरूप :— हेड हें सिलिंडरावरील नुसतें झांकण नव्हे. बहुतेक मोटारींत आंत-बाहेर हवा सोडणारे व्हॉल्व्ह त्यांतच बसविलेले असतात; पेट्रोलचे प्लग किंवा डिझेलचे नोझल त्यांतच असतात; आणि या सर्वांभोंवतीं पाणी खेळण्याच्या पोकळ्या असतात. हेड व ब्लॉक यांच्यामध्यें गॅसकेट असतें. जळत्या वायूचा दाब, तेल आणि पाणी हीं तिन्ही एकमेकांपासून वेगळीं राखणें हें त्या पातळ पत्र्याचें काम होय. म्हणून हेडाचा चेहरा केंसभर जरी वांकला, तरी गॅसकेट टिकत नाहीं.

सर्व हेडें एका धातूचीं नसतात. जुन्या १४८९ घन सेंटिमीटरच्या अँबॅसडरचें हेड बिडाचें असतें. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत होत असलेल्या फियाटचें, म्हणजे पुढील पद्मिनीचें, हेड ॲल्युमिनियमचें व ब्लॉक बिडाचा असतो. उष्णतेनें ॲल्युमिनियम हें बिडाच्या सुमारें दुप्पट वाढतें. अर्धा मीटर लांबीचें हेड ८० अंशांनीं तापलें, तर तें खालच्या ब्लॉकापेक्षां सुमारें अर्धा मिलिमीटर अधिक लांबूं पाहतें. बोल्टांनीं जखडलेलें असल्यानें त्यास मोकळेपणीं सरतां येत नाहीं. तापमान मर्यादेबाहेर गेलें म्हणजे तें वांकतें. बिडाचें हेड सहसा इतकें वांकत नाहीं, परंतु अकस्मात् गार पाणी पडल्यास तडकतें.

मूळ दोष पाण्यांत :— आपल्या जिल्ह्यांतील विहिरी काळ्या पाषाणांत खोदलेल्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणचें पाणी जड आहे. स्नानाचें पाणी तापविण्याच्या बंबांत किंवा पातेल्यांत जी पांढरी खपली बसते, ती गृहिणींच्या रोजच्या परिचयाची आहे. पाण्यांत विरघळलेले चुन्याचे क्षार उष्णतेनें वेगळे होऊन भांड्यास चिकटतात. हीच खपली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडाच्या पोकळ्यांत बसते. धातूच्या मानानें ती उष्णता फार थोडी वाहून नेते. बाहेरून रेडिएटर भरलेला दिसतो, आंत मात्र व्हॉल्व्हच्या आसपासचा भाग भाजत असतो. तेव्हां नवें हेड बसवून रेडिएटरांत पुन्हां विहिरीचेंच पाणी ओतणें म्हणजे रोग्यास औषध देऊन कुपथ्य चालूं ठेवण्यासारखें आहे.

दोषाचीं लक्षणें :— बाहेर गळती न दिसतां पाणी कमी होणें; इंजिन चालूं असतां रेडिएटरांत सारखे बुडबुडे येणें; तेल दुधाळ होणें; इंजिन पुरतें तापल्यावरही धुराड्यांतून पांढरी वाफ येत राहणें; शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा जोर एकदम जाणें; हीं गॅसकेट उडाल्याचीं, हेड वांकल्याचीं किंवा तडकल्याचीं चिन्हें होत. रात्रभर उभी राहिलेली मोटार सकाळीं सुरू करितांच निळा धूर थोडा वेळ येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे गाईड किंवा त्यांवरील तेलरोधक झिजले असें समजावें. तापलेल्या इंजिनाचें रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. उसळत्या पाण्यानें हात-तोंड भाजतें.

मोजणी :— इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेड उतरवावें, आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करावे. चेहरा स्वच्छ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी लांबीस, रुंदीस व दोन्ही कर्णांवर धरावी, आणि खालीं फिलर गेजचें पातें जातें कां तें पाहावें. पुष्कळ चारचाकी इंजिनांत ही फट ०.०५ ते ०.१० मि.मी.पर्यंतच चालते, आपल्या इंजिनाचा नेमका आंकडा त्याच्या पुस्तकांत पाहावा. ब्लॉकाचा चेहराही असाच तपासावा. ब्लॉक वांकडा असल्यास सरळ केलेलें हेडही व्यर्थ जातें. मग व्हर्नियरनें हेडाची उंची मोजून ती पुस्तकांतील किमान उंचीशीं ताडावी. पूर्वी तें किती वेळां घासलें गेलें हें उंचीच सांगते. मागील मालकाच्या सांगण्यावर विसंबण्याचें कारण नाहीं.

तडा शोधण्यासाठीं जुनी रीत अशी : जागा स्वच्छ करून तीवर रॉकेल लावावें, कांहीं वेळानें कोरडी पुसावी व खडूची भुकटी चोळावी. तडा असल्यास त्यांतील रॉकेल खडूवर रेघ उमटवितें. आंतील पोकळ्यांतील तडा या रीतीनें दिसत नाहीं. त्यासाठीं भोंकें बंद करून, हेड गरम पाण्यांत बुडवून, हवेच्या दाबानें तपासणारा कारखाना गांठावा.

दुरुस्ती कोठवर योग्य :— हेड थोडें वांकलेलें असून घासल्यानंतर किमान उंचीच्या वर राहत असेल, तर दुरुस्ती नि:संशय स्वस्त पडते. आपलें जालना पोलादाच्या सळ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु सळ्या ओढणें निराळें आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत चेहरा सपाट करणें निराळें. हें काम इंजिनांचीच कामें करणाऱ्या कारखान्यांत, सरफेस ग्राइंडरवर किंवा तशाच यंत्रावर करवावें. हातांतील कानसीनें किंवा पॉलिशपेपरानें नव्हे. जितक्या थोड्या घासण्यानें चेहरा सपाट होईल, तितकेंच घासावें. अधिक घासल्यानें दाब वाढून पेट्रोल इंजिन ठोके देऊं लागतें. डिझेल इंजिनांत पिस्टन व हेड यांमधील अंतर बहुधा मिलिमीटरभराहूनही कमी असतें. तेथें व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची भीति असते. कांहीं डिझेल हेडें घासण्यास कारखानदारांनीं मुळींच परवानगी दिलेली नसते.

व्हॉल्व्हच्या बैठका व गाईड झिजले असल्यास ते नवे बसवितां येतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पूर्वीच्या पेट्रोलांत शिसें असे व तें व्हॉल्व्हच्या बैठकांचें झिजेपासून रक्षण करी. २००० सालापासून आपल्या देशांत सर्वत्र शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. त्यामुळें ज्या जुन्या बिडाच्या हेडांत बैठका हेडांतच कोरलेल्या आहेत, त्या जोराच्या चालीनें अधिक झिजतात. अशा हेडांत दुरुस्तीच्या वेळींच कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्या.

तड्यांविषयीं नियम असा : कडेच्या भागीं लहान तडा असेल, तर बिडाचें हेड धातूच्या खिळ्यांनीं शिवून, आणि ॲल्युमिनियमचें वेल्डिंगनें, कुशल कारागीर नीट करितात. दोन व्हॉल्व्हच्या बैठकांमध्यें आरपार तडा गेला असल्यास, किंवा पाण्याच्या भोंकांभोंवतीं ॲल्युमिनियम खाऊन गेलें असल्यास, बदलणेंच बरें.

बदलतांना :— पद्मिनीचें उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलें, अँबॅसडरचें २०१४ सालीं. म्हणून नवें अस्सल हेड मिळणें दिवसेंदिवस कठीण होत आहे, आणि जुन्या बाजारांतील हेडावर मदार ठेवावी लागते. तें घेतांना पैसे देण्यापूर्वीं उंची मोजावी, चेहरा पाहावा, दाबाची तपासणी करवावी. आणि तपासणींत नापास झाल्यास परत घेण्याचा करार लेखी करून घ्यावा. त्यासोबत मोटारीच्या नोंदणीचा कागदही उघडून पाहावा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, व पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. ती मुदत सरत आली असून सांगाडाही गंजला असेल, तर हेडावरील खर्च वाचवावा.

बसविणें :— गॅसकेट प्रत्येक वेळीं नवेंच घालावें. ब्लॉकांतील बोल्टांच्या भोंकांत तेल किंवा पाणी राहूं देऊं नये. बोल्ट आवळतांना तें दाबलें जाऊन ब्लॉक फुटूं शकतो. बोल्ट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांनीं, टॉर्क रेंचनें पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें आवळावे. मिस्त्रीचा हात कितीही सराईत असला, तरी दहा बोल्ट सारखे आवळणें अंदाजानें साधत नाहीं. पुस्तकांत सांगितलें असल्यास थोडी मोटार चालवून पुन्हां आवळावे, व टॅपेटचीं अंतरें जुळवावीं.

पुढील जपणूक :— हेड बसविण्यापूर्वींच रेडिएटर उतरवून आंतून साफ करवावा. ॲल्युमिनियमचें हेड असल्यास कॉस्टिक सोडा वापरूं नये. तो धातू खातो. त्यानंतर ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बॅटरींत घालतात तें, व योग्य प्रमाणांत कूलंट भरावें. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पुष्कळांस संवय आहे. त्यानें इंजिन फाजील थंड चालून सिलिंडर लवकर झिजतात. वाटेंत इंजिन तापल्यास तें बंद करून सावलींत निवूं द्यावें. हातास सोसवेल इतकें गार झाल्यावरच पाणी घालावें. तापलेल्या हेडावर थंडगार पाण्याची घागर ओतल्यानें जें नुकसान होतें, तें अर्धा तास थांबल्यानें टळतें.

मोसंबीच्या झाडास डिंक्या लागला असतां केवळ डिंक खरवडून आपण स्वस्थ बसत नाहीं. बुडाशीं पाणी सांचतें कां हें पाहतों. मोटारीच्या हेडाविषयींही तीच दृष्टि ठेविल्यास दुरुस्ती टिकेल, आणि जुनी मोटार आणखी कांहीं हंगाम आपली चाकरी बजावील.