सुट्या ओठाचे घराणे

सोंडकिड्यांच्या वर्गीकरणाचा आढावा घेणारे बहुतेक लेखक आरंभीच त्यांच्या सोंडेवर मोहित होतात, आणि या विद्येचा सारा व्यवहार टाचणीला टोचून वाळविलेल्या पूर्ण वाढीच्या कीटकावरच चालतो, असा समज वाचकाच्या मनात रुजवितात. माझे मत नेमके याच्या उलट आहे, व स्नेह्यांचा रोष पत्करूनही ते मी आजवर मांडीत आलो आहे: अळीची साक्ष न घेता दिलेला निवाडा एकतर्फीच समजला पाहिजे.

लिनीअसपासून शोनहेरपर्यंतचा पल्ला भरभर ओलांडण्यास हरकत नाही. स्टॉकहोमच्या या रेशीम-कारखानदाराने 1826 मध्ये सरळ शृंगिकांचे आणि मध्येच वळलेल्या शृंगिकांचे असे दोन मुलूख आखले, पुढे 1833 ते 1845 या काळात आपला प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बहुतेकांनी त्याच्याच जमाबंदीत किरकोळ दुरुस्त्या केल्या. आपल्याकडील दप्तर उघडले ते अमृतसर येथे जन्मलेल्या गाय मार्शल यांनी. हिंदुस्थानच्या प्राणिसंपदेवरील ग्रंथमालेतील त्यांचा सोंडकिड्यांचा पहिला भाग 1916 मध्ये निघाला, आणि आजही तो हाताशी घेतल्यावाचून आपल्या अभ्यासकाचे पाऊल पुढे पडत नाही.

परंतु ज्याच्यासाठी मी लेखणी उचलली ते घराणे या सर्व थोर ग्रंथांत एका कोपऱ्यात पडून राहिले होते. बेडेल याने 1882 मध्ये ज्यास स्वतंत्र कुलाची सनद दिली, त्या नेमोनिकिडी कुलातील पाइन-पुष्पभुंग्यांच्या जाती सत्तरीच्या आसपास आहेत. साठ हजारांहून अधिक वर्णित सोंडकिड्यांच्या गर्दीत ही संख्या नगण्यच. युरोपातील सिंबेरिस ॲटेलॅबॉइडिस हा भुंगा भिंगाखाली धरून सोंडेचे टोक प्रकाशाकडे वळवावे, म्हणजे तेथे डोक्याच्या कवचापासून सांध्याने विलग झालेला ऊर्ध्वोष्ठ स्पष्ट दिसतो. इतर बहुतेक सोंडकिड्यांत हा सुटा ओठ लोप पावला आहे. सिंबेरिसची अळी स्कॉट्स पाइनच्या नरशंकूत पराग खात वाढते. पराग झडून जाण्यापूर्वीच तिला आपली वाढ उरकावी लागते, आणि मग ती खाली मातीत उतरून कोषावस्थेत जाते. दक्षिण गोलार्धातील तिचे सगेसोयरे अराउकेरिया आणि पोडोकार्पस यांच्या नरशंकूंत असाच संसार थाटतात. कझाकस्तानातील करातौ येथील जुरासिक खडकांतून अर्नोल्डी याने 1977 मध्ये वर्णिलेले सोंडकिडे फुलझाडांचे राज्य पसरण्यापूर्वीचे आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे शंकुधारी वृक्षांशी जडलेल्या या सोयरिकीचे मोल कळते.

ग्लासगोच्या रॉय क्रोसन याने 1955 च्या ग्रंथात भुंगेऱ्यांच्या कुलांची फेरमांडणी करताना अळीचे अवयव आणि पोषकवृक्ष यांना प्रौढ कीटकाच्या बरोबरीचा मान दिला. चिलीहून न्यूझीलंडला गेलेल्या कुशेल याने 1995 च्या वर्गीकरणात तीच वाट रुंद केली. झाडाची साल पोखरणाऱ्या भुंग्यांना निराळ्या कुलाचा मान मिळावा म्हणून अद्यापि वाद घालणाऱ्या विद्वानांना माझे एवढेच सांगणे, की त्यांनी एकदा त्या भुंग्यांच्या बिनपायांच्या अळ्या सोंडकिड्यांच्या अळ्यांशेजारी ठेवून निरखाव्यात. 2018 मध्ये शेकडो जनुकांच्या तुलनेवरून सिंबेरिसचा गट स्वतंत्र कुल म्हणून इतर सर्व सोंडकिड्यांच्या आधीच फुटून निघाला असे ठरले. या घराण्याचे प्राचीनत्व ओठ व अळी पाहणाऱ्यांनी त्यापूर्वीच ओळखले होते.

हा शोध केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. साल्विनिया या पाणवनस्पतीचा उपद्रव मोडण्यासाठी ब्राझीलमधून आणलेले सोंडकिडे ऑस्ट्रेलियात मूनडारा तलावात 1980 मध्ये सोडले, आणि सव्वा वर्षाच्या सुमारास तेथील सुमारे 200 हेक्टरांवरचा हिरवा थर नाहीसा झाला. आधी आफ्रिकेत अपयशी ठरलेल्या जातीशी त्यांचे इतके साम्य होते, की नवी जात म्हणून त्यांचे वर्णन 1985 मध्ये, म्हणजे काम फत्ते झाल्यानंतरच झाले. याच कीटकाने पुढे केरळातील जलमार्ग मोकळे केले.

आज नमुन्याचा पाय तोडून प्रयोगशाळेकडे रवाना करणे म्हणजेच अभ्यास, असे मानणारी पिढी तयार होत आहे, याचे मला मनस्वी दुःख होते. एका संस्थेत अळ्यांच्या बाटल्या जागा अडवितात म्हणून मोरीत रित्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांवरील चिठ्ठ्यांत स्थळ, तारीख आणि वनस्पती यांची जी नोंद होती, तीही त्याबरोबर गेली.

कोकणात नारळाच्या खोडातील सोंड्या भुंग्याची, आंब्याच्या बाठ्यातील सोंडकिड्याची आणि केळीच्या कंदातील सोंडकिड्याची अळी कोणाही तरुणाला सहज मिळण्याजोगी आहे. ती थेट मद्यार्कात टाकू नये, काळी पडते. आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवावी, मग 80 टक्के मद्यार्कात ठेवावी, आणि चिठ्ठी शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आतच घालावी.