यात कूट आहे का?

शिरूर-दौंडकडे कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, सगळ्यात दाण्याचा कूट. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला घरात आई जपते. पण मित्राचा डबा, जत्रेतला प्रसाद त्याचा त्यालाच ओळखावा लागतो. म्हणून १२-१३व्या वर्षीच त्याला न लाजता विचारायला शिकवा, "यात कूट आहे का?"

ॲलर्जीत शरीर दाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजतं आणि हिस्टामिनसारखी रसायनं सोडतं. अंगावर गांधी उठल्या की आपण 'पित्त' म्हणून आमसूल चोळतो. पण सोबत धाप लागली, घसा आवळला, चक्कर आली तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. डॉक्टरांनी देऊन ठेवलेलं ॲड्रेनलिन मांडीत टोचायचं, आडवं झोपवायचं (धाप लागली असेल तर बसू द्यायचं) आणि १०८ला फोन करायचा. बाकावरच्या मित्रालाही हे पाठ हवं.