किलोमीटर नको, घाट सांगा

रत्नागिरीकराला विचारून बघा, मुंबई किती लांब? किलोमीटर कुणी सांगणार नाही. 'रस्ता मोकळा असेल तर सात तास, आणि गणपतीत निघालात तर गणपतीलाच ठाऊक!'

जिल्ह्याची ठेवणच तशी. मुंबईकडे निघा, परशुराम, भोस्ते नि कशेडी वाटेत उभे. कराडला कुंभार्ली, कोल्हापूरला आंबा, राजापुराहून वर चढायचं तर अणुस्कुरा. घाट नको म्हणून समुद्राकडे वळलात तर खाडी आडवी. म्हणून तर दापोलीहून गुहागरला जाणारी गाडी दाभोळला थेट फेरीबोटीत चढते आणि पलीकडे धोपाव्याला उतरते. चिपळूणचा वळसा वाचतो, शिवाय वारा फुकट.

बोटीचं नवल वाटत असेल तर कोकण रेल्वे बघा. 26 जानेवारी 1999 पासून इथे ट्रकच आगगाडीत बसतात! कोलाडला सपाट वाघिणीवर चढायचं, गोव्यात वेर्ण्याला उतरायचं. ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये आडवे. हायवेवर ज्याच्या मागे आपण तासभर रखडतो तो ट्रक असा झोपून निघून जातो. 2025 च्या गणपतीत मोटारींनाही हे भाग्य लाभलं.

घाटातला खरा धोका चढात नाही, उतारात असतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे महाभाग असतात. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर, लायनर तापतात, करपल्याचा वास सुटतो आणि पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब सोपा: ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा. आणि चढणाऱ्याला आधी वाट द्या. हा शिष्टाचार नव्हे, नियमच आहे.

टँकरचं दुखणं वेगळं. अर्धवट भरलेला असेल तर जास्तच वाईट, कारण वळणावर आतला द्रव एका अंगाला धावतो. सप्टेंबर 2022 मध्ये लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला, ड्रायव्हर दगावला आणि हायवे ठप्प झाला.

आता जरा चिडून. महाडजवळ सावित्रीवरचा 1928 चा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. राजापूर आणि जयगडहून निघालेल्या दोन एसट्या त्यात गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर जमतं! त्याच हायवेचं चौपदरीकरण मात्र 2011 पासून चालूच आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर बांधत आणलेला उड्डाणपूल गाड्या धावण्याआधीच खाली आला. जीव कुणाचा गेला नाही, एवढंच नशीब. कशेडीचा बोगदा तेवढा गोड: डोंगराला घातलेला पाऊण तासाचा वळसा आता दहा-बारा मिनिटांवर आला.

राहिली मळमळ. कान सांगतो गाडी वळतेय, मोबाइलवरचे डोळे सांगतात सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळतं. ड्रायव्हरला वळण आधीच ठाऊक असतं, म्हणून तो मजेत. हे सगळं मी मागच्या सीटवर रील बघणाऱ्या भाच्याला समजावत होतो. "मामा, गप रे," म्हणाला. भोस्त्याच्या दुसऱ्या वळणावर त्याने फोन खाली ठेवला आणि पिशवी मागितली.