निजलाय, निजू दे

दिवाळी जवळ आली की अहमदपूरच्या बाजारात खसखशीची चौकशी सुरू होते. भाव ऐकून बाया छटाकभरच घेतात. अनारसे थापायला तेवढी पुरते. हिरव्या बोंडाला चिरा पाडल्यावर पाझरणारा चीक म्हणजे अफू. खसखस त्याच बोंडातलं बी. बियात नशा नसल्यात जमा, चिकात मात्र मॉर्फिन आणि कोडीन. परवान्याची अफूशेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातच होते. तरी २०१२ साली शेजारच्या परळी तालुक्यात बेकायदा पीक सापडलंच.

या चिकानं मुंबई श्रीमंत केली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारातलं मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं. चीन अफूत बुडाला आणि इथं दवाखाना उभा राहिला.

पुढं अफू गिरणगावात शिरली. १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स यांनी मुंबईतल्या कामगार बायांची पाहणी केली. त्यांच्या अहवालानुसार गिरणीत जाणाऱ्या बायांच्या ९८ टक्के तान्ह्या लेकरांना अफू दिली जाई. आई साच्यावर उभी, लेकरू खोलीत निपचित. पाळणाघर नव्हतं, म्हणून अफूची गोळी होती.

१९८०च्या दशकात अफूपासूनच बनणाऱ्या हेरॉइनचं स्वस्त, भेसळयुक्त रूप आलं. मराठीत त्याला ‘गर्द’ म्हणू लागले. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

अमेरिकेत विष आलं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आली. सवय फारशी लागत नाही, असा प्रचार कंपनीनं केला. गोळीमागून हेरॉइन, हेरॉइनमागून कृत्रिम फेंटानिल. २०२१ मध्ये तिथं अतिमात्रेनं एक लाखावर माणसं दगावली, त्यांतली बहुतेक अफूवर्गीय द्रव्यांनी. २०२५ मध्ये बीबीसीनं उघड केलं, की मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवते. सरकारनं त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. चीनच्या जागी आफ्रिका आली, एवढाच फरक.

आपल्याकडं २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींवर निघाले. व्यसनाच्या अवस्थेतल्यांची संख्या जिथं मोठी, त्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. उलट १९८५च्या कडक अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळेनासं झालं. २०१४च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी झाली. तरी चोराला गोळी मिळते, वेदनेनं तळमळणाऱ्याला सहज मिळत नाही.

अतिमात्रेचं मरण आरडाओरडा करत नाही. मेंदू श्वासाचा हुकूमच द्यायचा विसरतो. दारू किंवा मराठवाड्यात ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या सोबत असल्या की हे लवकर घडतं. काही महिने व्यसनमुक्त राहिलेल्याला तर जुनीच मात्रा जीवघेणी ठरते. नालोक्झोन हा उतारा वेळेत टोचला तर श्वास परत येतो. पण वेळेत म्हणजे कुणीतरी ओळखलं तर. ओठ निळे, घशात घरघर, हलवलं तरी जाग नाही. अशा पोराला घरचे पांघरूण घालतात. गिरणगावातली आई म्हणायची तेच म्हणतात: निजलाय, निजू दे.

निजू देऊ नका. १०८ला फोन करा.