स्ट्रक्चरचा पेपर आणि मुरबाड-शहापूरची घरे



आपली मुले-मुली आता आर्किटेक्चरलाही जाऊ लागली आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. आराखडे काढण्यात ही पोरं कुणाला हार जात नाहीत. पण ‘स्ट्रक्चर’चा पेपर म्हटला की कपाळाला आठ्या! काही देशांत आर्किटेक्टला परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे मान्य पदवीवर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते. म्हणजे या विषयाचा कस लागतो तो कॉलेजातच. तिथे नुसते घोकून भागत नाही, कारण पुढे त्या छपराखाली माणसे राहायची असतात.

मग अभ्यास करावा कसा? माळशेज घाट उतरून मुरबाडला किंवा कसारा घाट उतरून शहापूरला जा. तिथली जुनी कौलारू घरे म्हणजे या विषयाचे उघडे पुस्तक. कौलांचे वजन रिपांवर, रिपांचे वाशांवर, वाशांचे आढ्यावर आणि तुळईवर, तिथून खांबावर आणि शेवटी जमिनीत. ओझ्याची ही वाट ज्याला बोटाने दाखवता आली, त्याचा निम्मा पेपर सुटला.

आता तुळई पाहा. सुतार ती आडवी टाकीत नाही, उभ्या काठावर बसवतो. चार इंच बाय आठ इंचाची तुळई उभी ठेवली तर आडवीपेक्षा दुप्पट ताकद देते आणि चौथा हिस्साच वाकते. दोन खांबांतले अंतर दुप्पट केले, तर फुटामागे ओझे तेवढेच असूनही वाकवणारा जोर चौपट होतो, आणि तीच तुळई सोळापट झुकते. ट्रॉलीत ऊस सारखा पसरून भरतो तसे ओझे पसरले तर ठीक. तेच सारे मध्यावर एकवटले तर जोर दुप्पट. एवढे समजले की सूत्र आपोआप ध्यानात राहते.

उतरते छप्परही उगाच नाही. सपाट स्लॅबवर चार इंच पाणी तुंबले, तर चौरस मीटरला सुमारे १०० किलो जादा ओझे पडते. कोकणपट्टीच्या पावसात हे विसरून चालत नाही.

ओझे नुसते वरूनच येते असेही नाही. १९८३ साली शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसराला भूकंपाचे धक्के बसले. १९९३ साली किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. भूकंपाचा हिसका वजनाच्या प्रमाणात बसतो. कारवीचा कूड हलका, म्हणून त्याला हिसका कमी. हा धडा परीक्षेतही येतो आणि आयुष्यातही.

आता गावोगाव कुडाच्या जागी स्लॅब येतो आहे. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबची मुख्य सळई खालच्या अंगाला, पण बाहेर काढलेल्या छज्जाची वरच्या अंगाला लागते. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली ती दबली, तर टेकू काढताच छज्जा खाली येऊ शकतो. हे ओळखणारे पोर घरात असणे ही मोठी ठेव आहे.

तेव्हा मुलांना आमचे सांगणे एवढेच : रोज एक तुळई कागदावर काढा, ओझे दाखवा, टेकू दाखवा, कुठे ताण आणि कुठे दाब ते लिहा, आकडेमोड त्यानंतर. आणि पालकांनो, घर बांधताना पोराला सळई बांधणाऱ्या मिस्त्रीजवळ उभे करा. वहीतली रेघ प्रत्यक्षात कुठे जाते, ते त्याला तिथे कळेल.